पापण्यांच्या कडा लाल होतात, खाजतात, चिकटतात: घरी नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४७, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड-दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांच्या पापण्या कडेला लाल राहतात, चुरचुरतात, सकाळी चिकटलेल्या असतात. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं दिसतं. वर्षभरात तीनदा रांजणवाडी झाली. मेडिकलमधून आणलेले थेंब घातले की आठ दिवसांत बरं वाटतं, बंद केले की पुन्हा तेच. गरम रुमालाने शेकते, गुलाबपाणी घालते. घरच्या घरी कायमचा उपाय आहे का?"

ताई, तुमच्या 'कायमचा' या शब्दापासूनच सुरुवात करते. गेली सव्वीस वर्षं साताऱ्यात डोळे तपासते आहे आणि या दुखण्याची गाडी बहुतेकांची याच शब्दापाशी अडते. तुम्ही वर्णन केलेल्या त्रासाला ब्लेफरायटिस म्हणतात, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह. त्याची जात हिरड्यांच्या किंवा डोक्याच्या त्वचेच्या तक्रारींची आहे. आठवडाभर औषध घेतलं आणि विषय संपला असं यात होत नाही. पण रोज पंधरा मिनिटं दिली तर तो इतका शांत राहतो की आपल्याला असं काही दुखणं आहे हेच विसरायला होतं. यात सहसा नजर जात नाही, आणि डोळे येण्यासारखा तो घरातल्या दुसऱ्याला लागतही नाही. एवढा दिलासा आधी घ्या, मग पुढचं वाचा.

आता आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि खालची पापणी बोटाने जराशी खाली ओढा. पापणीचे केस उगवतात त्याच्या आतल्या अंगाला, डोळ्याला टेकणारी दोनेक मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी दिसेल. तुमचं दुखणं या पट्टीवर आहे. तिच्यावर एका रांगेत बारीक छिद्रं असतात, ती तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा ग्रंथी साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतो. प्रत्येक उघडझापीला त्यांतून थोडंसं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू सुकण्यापासून वाचतात. हे तेल निरोगी माणसात पातळ असतं. तुमच्यासारख्या त्रासात ते दाट होतं आणि तोंडाशीच थिजतं. मग अश्रू लवकर उडून जातात, डोळा कोरडा पडून चुरचुरतो, अडकलेल्या तेलावर जंतू पोसले जातात, कड सुजते, आणि एखादी ग्रंथी पुरती तुंबली की रांजणवाडी येते किंवा गाठ होते.

एकदा हे समजावून सांगत असताना खंडाळ्याकडच्या एका आजी मला म्हणाल्या, "म्हणजे थंडीत तूप थिजतं तसंच की. ते चमच्याने दाबून बाहेर येत नाही, आधी डबा उन्हात ठेवावा लागतो." तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला हेच सांगते, कारण सगळी घरगुती काळजी याच क्रमाने चालते: आधी तूप पातळ करायचं, मग हलकेच बाहेर काढायचं, मग तोंड पुसायचं.

बरेचदा पापणीच्या केसांच्या मुळाशीही वेगळा त्रास असतो, आणि तुमच्या कोंड्यावरून तुम्हालाही तो असावा. यातली खपली कशी दिसते याला महत्त्व आहे. तेलकट, पिवळसर, सहज निघणारी खपली असेल तर डोक्यातल्या कोंड्याशी नातं असतं. टणक, कोरडी, काढली की खाली रक्ताचा ठिपका दिसणारी असेल तर जंतूंचा भाग मोठा असतो. आणि केसाच्या बुडाशी पारदर्शक नळीसारखं, बांगडी चढवल्यासारखं वेटोळं दिसत असेल तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीचा संशय घ्यायचा. ही कीड ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वय वाढतं तशी ती बहुतेकांच्या त्वचेवर थोडीफार असतेच, त्यामुळे नाव ऐकून किळस वाटू देऊ नका. ती अस्वच्छतेची खूण नाही. संख्या वाढली की मात्र खाज सुटते, विशेषतः सकाळी. आरशात पाहताना वरची पापणी अर्धी मिटून खाली बघा, म्हणजे केसांची मुळं नीट दिसतात. घरातल्या कोणाला मोबाइलने जवळून फोटो काढायला सांगितला तर आणखी बरं. तो फोटो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

आता त्या थेंबांविषयी. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच आहे. आठ दिवसांत जादूसारखं बरं वाटतं आणि थांबवलं की परत येतं, हे ऐकलं की मी बाटली मागते. तुम्हीही बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड दाह दाबतं, पण तुंबलेली ग्रंथी मोकळी करत नाही. महिनोन्महिने घातलं तर डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. दाब सगळ्यांचाच वाढतो असं नाही, पण कोणाचा वाढेल हे आधी कळत नाही, आणि वाढला तरी दुखत नाही. एका तरुण मुलाची नजर अशा थेंबांनी कायमची अरुंद झालेली मी पाहिली आहे. त्याच्या घरी दोन वर्षं एकाच बाटलीचं नाव मेडिकलवाल्याला सांगून ती आणली जात होती. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, तरी मिळतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीला डोळ्यांच्या साथीचा मोठा उद्रेक झाला आणि साथ राज्यभर पसरली. तेव्हा आणलेल्या बाटल्या आजही कित्येक फ्रिजमध्ये आहेत. उघडून महिना झालेली कुठलीही बाटली टाकून द्या. आणि तुम्ही स्टिरॉइड बऱ्याच महिन्यांपासून घालत असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाब मोजून घ्या आणि ते कसं बंद करायचं हे त्यांनाच विचारा. डॉक्टर स्वतः थोड्या दिवसांसाठी, तपासणीखाली स्टिरॉइड देतात तेव्हा ते औषधच असतं. त्याची भीती बाळगू नका.

शेक. तुम्ही गरम रुमालाने शेकता म्हणालात, ते योग्यच आहे. तरीही उपयोग होत नसेल तर दोनच कारणं असतात: उष्णता कमी पडते किंवा वेळ कमी पडतो. गरम पाण्यात पिळलेला एक रुमाल दोन मिनिटांत गार होतो. त्यानंतर आपण पापणीवर गार ओलं फडकं ठेवून बसलेलो असतो. दाट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीपर्यंत ४० अंशांच्या आसपास उष्णता पोचावी लागते आणि ती आठ-दहा मिनिटं टिकावी लागते. ४५ अंशांच्या वर जायचं नाही, कारण पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी आहे. घरात थर्मामीटर लावून बसायची गरज नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला कापड धरा. "छान गरम आहे, पण हात काढावासा वाटत नाही" इतकंच हवं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त.

माझी आवडती पद्धत अशी. थर्मासमध्ये गरम पाणी भरून जवळ ठेवा. एका मोठ्या वाडग्यात कोमटाहून गरम पाणी घ्या, त्यात दोन स्वच्छ सुती रुमाल. एक पिळून मिटलेल्या डोळ्यांवर, दुसरा वाडग्यात. दर दीड मिनिटाने अदलाबदल करा, पाणी निवलं की थर्मासमधलं थोडं घाला. खुर्चीत मागे टेकून बसा, रेडिओ लावा. दुसरी पद्धत तांदळाची: मूठभर कच्चे तांदूळ सुती पिशवीत बांधा, मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद गरम करा, नीट हलवा म्हणजे मध्ये कुठे निखाऱ्यासारखा भाग राहत नाही, मनगटावर तपासा, मग डोळ्यांवर ओलसर पातळ कापड ठेवून वर ती पिशवी. ही उष्णता टिकते चांगली, म्हणून घाईच्या दिवसांत सोयीची. आपल्याकडे तव्यावर फडक्याची घडी तापवून शेकायची पद्धत आहे, ती पाठीला-गुडघ्याला ठीक. पापणीसाठी नको, कारण तव्याच्या घडीचा अंदाज चुकतो आणि भाजतं. वाफाराही यासाठी घेऊ नका, वाफ कुठे किती लागते यावर आपला ताबा नसतो. शेकताना डोळ्यावर दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. नंतर काही मिनिटं अंधुक दिसेल. ते पातळ झालेल्या तेलामुळे असतं, पण तेवढ्या वेळात स्कूटर काढू नका.

शेक संपला की लगेच, तेल पुन्हा थिजायच्या आत, मालिश. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. डोळा मिटा, बोटाच्या पेराने वरच्या पापणीवर भुवईकडून केसांच्या दिशेने खाली हलकेच ओढत या, नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडच्या कोपऱ्यापर्यंत जागा बदलत आठ-दहा वेळा. खालच्या पापणीला उलट, गालाकडून वर केसांकडे. ग्रंथी उभ्या असतात आणि तोंडं कडेला उघडतात, म्हणून दिशा नेहमी केसांकडे. जोर किती? पिकलेल्या टोमॅटोची साल फाटणार नाही इतका. बुबुळावर दाब येता कामा नये. ज्यांना केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) आहे, काचबिंदू आहे किंवा डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले नाहीत, त्यांनी मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मग सफाई, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण जवळजवळ प्रत्येक पेशंट पापणी धुण्याऐवजी डोळा धुतो. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यावर हबके मारले जातात, त्याने चेहरा ताजा वाटतो, पण कडेवरची खपली जागची हलत नाही. आपल्याला डोळ्याच्या आत काहीही घालायचं नाहीये. केस जिथे कातडीत शिरतात ती रेघ पुसायची आहे.

पापण्या पुसायची तयार पुसणी किंवा फेस औषधाच्या दुकानात मिळतो. परवडत असेल तर तेच वापरा, कारण ते त्या जागेसाठीच बनवलेलं असतं. वर्षानुवर्षं आम्ही बेबी शाम्पू पातळ करून वापरायला सांगत आलो. अलीकडच्या तुलनात्मक चाचण्यांत खास पापणीसाठी बनवलेली द्रावणं त्याहून सरस ठरली आणि शाम्पूने डोळ्याच्या चिकट अस्तराला थोडा त्रास होतो असंही दिसलं. म्हणून आता मी त्याला दुसऱ्या पसंतीवर ठेवते. वापरायचाच झाला तर अर्धा कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात तीन-चार थेंब, रोज नवं द्रावण, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून घेणं. तिसरा स्वस्त मार्ग खाण्याच्या सोड्याचा: एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा. सोडाच घ्या, बेकिंग पावडर नव्हे. कातडी कोरडी पडायला लागली तर सोडा बंद.

पुसायला धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या मऊ मलमलीचा तुकडा बोटाला गुंडाळा. मोकळा कापूस नको, त्याचे तंतू केसांना चिकटून राहतात आणि आणखी खुपतात. वरच्या पापणीसाठी डोळा मिटून पापणी किंचित कानाकडे ताणा आणि केसांच्या मुळाशी आडवं, नाकाकडून कानाकडे पुसा. खालच्या पापणीसाठी वर छताकडे बघा, पापणी जरा खाली ओढा आणि तसंच. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. सुकलेली खपली नखाने उचकटायची नाही. आधी शेकाने भिजू द्या, ती आपण होऊन सुटते. कानात घालायची काडी भिजवून वापरणारे पुष्कळ आहेत. हात स्थिर असेल तर चालेल, हात कापत असेल तर नको, बुबुळाला ओरखडा जातो.

पहिले चार आठवडे सकाळ-संध्याकाळ करा, नंतर रात्री एकदा. पहिल्या आठवड्यात कड आणखी लाल वाटली तर घाबरू नका, पण आग होत असेल तर द्रावण बदला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी पापण्या चिकटणं कमी होतं, चुरचुर त्यानंतर. खरा फरक कळायला सहा आठवडे द्या. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात, थोडं बरं वाटल्यावर सोडतात. घरात लग्न असतं, परीक्षा असतात, प्रवास असतो, आणि दोन महिन्यांनी ते पुन्हा माझ्यासमोर बसलेले असतात. तुम्ही दात घासण्याच्या जोडीला हे ठेवा. रात्री ब्रश हातात घेतला की शेकाची आठवण व्हावी.

गुलाबपाणी बंद करा. ते निर्जंतुक नसतं आणि त्यातला सुगंध व टिकवायची रसायनं सुजलेल्या कडेला झोंबतात. त्याचप्रमाणे मध, कांद्याचा रस, त्रिफळ्याचं पाणी, आईचं दूध, हळदीचं पाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. आपल्या आजीने केलं, तिला काही झालं नाही, हे मी रोज ऐकते आणि त्यामागचा जिव्हाळा मला कळतो. पण घरच्या द्रवातून जंतू गेल्याने बुबुळावर फूल पडलेले डोळेही मी पाहिले आहेत. टी ट्री तेलाबद्दल सध्या फार विचारतात. डेमोडेक्सवर त्याचा उपयोग होतो हे खरं, पण बाटलीतलं शुद्ध तेल पापणीला लावलं तर बुबुळ भाजतं. योग्य प्रमाणात पातळ केलेलं तयार पुसणं मिळतं. घरी ते मिसळायला जाऊ नका.

काजळाविषयी बोलणं नाजूक आहे, कारण ते नुसतं सौंदर्याचं नाही, सवयीचं आणि मायेचंही आहे. पण आधी सांगितलेली ती छिद्रांची रांग आठवा. काजळ आपण बरोबर तिच्यावरूनच फिरवतो. मेणकट काजळ त्या तोंडांत बसतं. कडा शांत होईपर्यंत, म्हणजे निदान दोन महिने, ते पूर्ण बंद ठेवा. पुढे लावायचंच असेल तर केसांच्या बाहेरच्या बाजूने, आणि झोपण्यापूर्वी न चुकता पुसून. जुनी काजळपेन्सिल, मस्कारा फेकून द्या, कारण त्यातूनच जंतू परत येतात. सुरम्याच्या काही नमुन्यांत शिसं सापडलेलं आहे, तो तर मुलांना कधीच लावू नये.

तुमच्या डोक्यात कोंडा आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर पापण्या कितीही पुसल्या तरी वरून भर पडत राहील. कीटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे. डोळे घट्ट मिटून. कोंडा असताना रात्रभर तेल थापून झोपू नका, ते तेल उशीवरून पापणीवर येतं आणि कोंड्याच्या बुरशीलाही ते मानवतं. तेल लावायचं तर धुण्याआधी तासभर. उशीचा अभ्रा आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

आणखी एक गोष्ट तपासा. कडांपेक्षा पापणीची कातडीच जास्त खाजत असेल, कोरडी पडून सुरकुतत असेल, तर ते अॅलर्जीचं लक्षण असू शकतं. केसांचा काळा रंग आणि 'काळी मेहंदी', नखांचं पॉलिश, अत्तर, कपाळाला लावायचा बाम हे नेहमीचे गुन्हेगार. नखांच्या पॉलिशने बोटाला काही होत नाही, पण त्याच बोटाने डोळा चोळला की पापणी सुजते. कधी कधी औषधच कारण असतं: निओमायसिन असलेली मलमं आणि थेंबांत टिकवण्यासाठी घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड. अशा वेळी संशयित वस्तू तीन आठवडे पूर्ण बंद करून पाहावी.

शिक्षिका आहात, म्हणजे पेपर तपासणं, मोबाइलवर याद्या भरणं आलंच. एरवी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो, स्क्रीनकडे बघताना ते निम्म्याहून कमी होतं, आणि जे मिचकावतो तेही अर्धवट. तेल बाहेर यायला पापण्या पूर्ण मिटाव्या लागतात. प्रत्येक वहीनंतर डोळे हलकेच मिटा, दोन आकडे मोजा, उघडा, असं पाच वेळा. पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. दुचाकीवर चष्मा किंवा हेल्मेटची काच खाली. कोरडेपणासाठी कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज असलेले अश्रूंसारखे थेंब दिवसातून तीन-चारदा चालतात. त्याहून जास्त वेळा लागत असतील तर टिकवायची रसायनं नसलेले घ्या. जवस आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेत पाचशेहून अधिक कोरड्या डोळ्यांच्या पेशंटना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त फायदा झाला नाही. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, गोळ्यांवर पैसे घालवू नका.

रांजणवाडी आली की हाच शेक दिवसातून चार वेळा करा. फोडू नका, दाबू नका, घासून गरम केलेली अंगठी टेकवू नका. बहुतेक आठवडाभरात आपोआप फुटते किंवा जिरते. मागे न दुखणारी कडक गाठ राहिली तर ती जिरायला काही आठवडे लागतात, शेक चालू ठेवायचा. महिना-दोन महिन्यांत गेली नाही तर दाखवा, लहानशा ऑपरेशनने ती निघते.

आता जिथे घरी थांबायचं नाही ते. पूर्ण पापणी लाल-गरम होऊन सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखतं, दोन-दोन दिसतं, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. उजेड सहन होत नसेल, डोळ्यात ठणका असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तरी तसंच. कपाळाच्या एकाच बाजूला, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड आले तर ती नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं चांगलं. लहान मूल सारखे डोळे चोळत असेल, उजेडाला तोंड फिरवत असेल, तर घरी प्रयोग न करता दाखवा.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. ब्लेफरायटिस बहुधा दोन्ही डोळ्यांना असतो. एकाच पापणीची एकच जागा महिनोन्महिने लाल, जाड राहिली, तिथले केस गळायला लागले, किंवा गाठ काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली, विशेषतः साठीनंतर, तर ती गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. माझ्याकडे एक आजोबा आले होते, दुसरीकडे दोनदा गाठ काढलेली, दोन्ही वेळा तुकडा तपासला नव्हता. तो तेलग्रंथीचा कर्करोग निघाला. आपल्या देशात पापणीच्या कर्करोगांत तो पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि साध्या रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो. तुमचा त्रास दोन्ही डोळ्यांना सारखा आहे, त्यामुळे तुमच्याबाबत ही भीती मला वाटत नाही. पण तुमच्या घरात कोणी वयस्कर असेल तर हे लक्षात असू द्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर पापण्यांचा त्रास आधीच डॉक्टरांना सांगा. कडेवरचे जंतू ऑपरेशनवेळी डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून आम्ही आधी कडा साफ करून घेतो आणि तारीख पुढे ढकलतो. पेशंट नाराज होतात, पण तो उशीर त्यांच्या नजरेसाठीच असतो.

सहा आठवडे नीट करूनही फरक पडला नाही तर आमच्याकडे पुढचे उपाय आहेत. कडेला लावायचं अॅझिथ्रोमायसिनचं मलम असतं, किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. या गोळ्या गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, आणि त्या चालू असताना ऊन बाधतं. डेमोडेक्ससाठी लोटिलानर नावाचे थेंब २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चेहऱ्यावर सतत लाली, गालांवर बारीक रक्तवाहिन्या असतील किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींचा या ग्रंथींशी संबंध आहे.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, मलमं, काजळ, केसांच्या रंगाचा खोका, सगळं एका पिशवीत घालून घेऊन जा. थेंबांत स्टिरॉइड असेल आणि डोळ्यांचा दाब मोजायचा राहिला असेल तर त्यासाठी मात्र सहा आठवडे थांबू नका, या आठवड्यातच जा.